काटा नसलेली टाकी

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर माझ्या सासऱ्यांनी गेरूने एक वाक्य लिहिलं होतं : ‘दहा वर्षांनी या गावात धूर दिसणार नाही.’ अक्षर मोठं, काना-मात्रा ठसठशीत, आणि शेवटी पूर्णविरामाच्या जागी एक फूल. इतक्या खात्रीने भविष्य सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. जोतिषी परवडला, तो निदान ‘ग्रहांची साथ असेल तर’ असं म्हणून स्वतःसाठी पळवाट ठेवतो.

ते वाक्य खोटं ठरलं. आमचं सुधारणांचं वेड लागलेलं घर गावाच्या थट्टेचा विषय झालं, आणि शेणापासून गॅस काढण्याच्या गोष्टी पुढे तिथे कुणी केल्या नाहीत. पण ते का खोटं ठरलं, हे सांगायला मला फार वर्षं लागली. आजवर मी ते तीनच माणसांना सांगितलं आहे, आणि तिघंही आता नाहीत.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. आजही वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या माझ्या स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी दाराबाहेर असते. सुना हसतात. हसोत बापड्या, त्यांचा जन्म पुलगावचा नाही.

माझा तिथला. गावाबाहेर लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो. जुना झालेला माल ते लोक दूर मोकळ्या मैदानात उडवून टाकतात असं मोठी माणसं सांगायची. आधी पायाखालची जमीन हलायची, मांडणीवरची ताटं किणकिणायची आणि मग तो आवाज यायचा. आई हातातलं काम थांबवून वर बघायची, जणू छपराला विचारतेय की आहेस ना जागेवर. एकाहत्तरच्या लढाईत खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. लढाई संपली तरी आईने त्या काढू दिल्या नाहीत. मी त्या पट्ट्यांच्या फटींतून आभाळ बघत मोठी झाले.

आणि वर बाबा कापडाच्या मिलमध्ये बॉयलरवर. डबा घेऊन गेले की ते मला दाराशीच उभं करायचे आणि आतलं वाफेचा दाब दाखवणारं एक गोल घड्याळ बोटाने दाखवायचे. त्यात एक काटा होता आणि एक लाल रेघ होती. बाबांचं सगळं आयुष्य त्या दोघांच्या मधल्या जागेत गेलं.

‘‘बाई, काटा लाल रेघेवर आला का मंग इचार कराचा नाई,’’ ते म्हणायचे. ‘‘पह्यले वाफ सोडाची. जे बंद हाय अन् फुगते, थे फुटते. ध्यानात ठेवजो.’’

मी ध्यानात ठेवलं. शाळेत शिकलेलं सगळं विसरले, पण हे एक काही विसरले नाही.

लग्न होऊन मी आले ते पुलगाव-वर्धा रस्त्यावरून आत दोन कोसांवरच्या एका गावात. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. यजमान वर्ध्याला नोकरीला, शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. बाकी पाच दिवस घरात आम्ही तिघं : मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई.

आत्याबाईंना दमा होता. चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या जळायच्या, आणि जरा ओल्या असल्या की धूर अख्ख्या घरात भरायचा. खोकल्याची उबळ आली की आत्याबाई हातातलं उलथणं खाली ठेवायच्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायच्या आणि पाण्यातून वर काढलेल्या माणसासारख्या श्वास ओढायच्या. मी स्वयंपाक करायला पुढे झाले तरी त्या तिथून हलायच्या नाहीत. सुनेच्या हातात सगळी चूल द्यायची म्हणजे घरातून निवृत्त व्हायचं, अशी त्यांची समजूत. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मामाजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, धुरापासून लांब ठेवा, नाहीतर तीन-चार हिवाळ्यांच्या पुढे कठीण आहे.

मामाजींनी ते ऐकलं आणि महिन्याभरात गोठ्यामागे खड्डा खणायला घेतला. गोबर गॅस! त्या वर्षांत त्याचा फार बोलबाला होता. विटांची गोल विहीर बांधायची, ती शेणकाल्याने भरायची आणि तिच्यावर लोखंडी टाकी पालथी घालायची. शेण आत कुजतं, गॅस टाकीत साठतो, टाकी हळूहळू वर उचलली जाते आणि नळीतून गॅस स्वयंपाकघरात येतो. वर्ध्याहून एक मिस्त्री आला होता. मामाजींपेक्षा टाकीचं कौतुक त्यालाच जास्त.

टाकी बैलगाडीतून आली त्या दिवशी गाव गोळा झालं. समोरचे किराणा दुकानदार ओट्यावरूनच म्हणाले, ‘‘फुटन एक दिवस. अर्ध गाव घेऊन जाईन.’’ त्यांच्या दुकानात राकेल विकलं जायचं, म्हणून ते असं बोलतात, असं मामाजींचं मत. मामाजींनी त्यांच्या समोरच गेरू कालवला आणि भिंतीवर ते वाक्य लिहिलं.

‘‘दोन हजार सालात इथल्या बायका चुलीचं नाव इसरून जातीन,’’ ते गोळा झालेल्या लोकांना सांगत होते. ‘‘पोरं इचारतीन, आजी, चूल म्हंजे काय व? रस्त्यावरचे दिवे शेणावर, पिठाची चक्की शेणावर. ज्याच्या घरी म्हैस, थो राजा!’’

लोक हसले. मी दाराच्या आडून टाकीकडे बघत होते. बंद होती. काळी, गोल, चारी बाजूंनी बंद.

पहिल्या वेळी टाकी भरायला तीनेक आठवडे लागले. वर आली तेव्हा मिस्त्री पुन्हा आला. टाकीपासून घराकडे जाणाऱ्या पाइपला गोठ्याच्या भिंतीशी एक छोटा कॉक होता, पाइपात साचलेलं पाणी काढण्यासाठी. मिस्त्रीने तो उघडला आणि फुस्स आवाज करत सगळा गॅस सोडून दिला. टाकी खाली बसली. पहिल्या गॅसात हवा मिसळलेली असते, तो जाळायचा नसतो, असं काहीसं तो मामाजींना सांगत होता. मी ते नीट ऐकलं नाही. मी टाकी खाली बसताना बघत होते. मला वाटलं, हां, म्हणजे यांच्यातही वाफ सोडायची असते तर.

दुसऱ्यांदा टाकी भरली आणि शेगडी पेटली. निळी ज्योत, धुराचं नाव नाही. आत्याबाई शेगडीसमोर नुसत्या बसून राहिल्या. त्यांनी पोळी टाकली, उलटली, शेकली, आणि एकदाही खोकल्या नाहीत. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, ‘‘सवय हाय व डोयातून पाणी काढाची.’’ मामाजी दारात उभे होते. त्यांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. तो आठवला की अजूनही मला घरात थांबवत नाही, मी अंगणात जाऊन येते.

महिनाभर सगळं छान चाललं. मग उन्हाळा लागला.

उन्हात शेण भराभर कुजतं आणि गॅस जास्त होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की दुपारी सगळे निजले की टाकी चढत असते. सकाळी गुडघ्याएवढी, बाराला कमरेएवढी, तीनला छातीला. मी ताक करताना, धान्य निवडताना, सतत मान वळवून बघायची. एक दिवस धीर करून मामाजींना विचारलं, ‘‘मामाजी, याले काटा कुठी हाय?’’

‘‘काटा?’’

‘‘किती भरली थे दाखवाचा. मिलमंदी रायते तसा.’’

मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘‘हे काय तुया बापाची मिल हाय का व?’’ म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन दुकानदारांनाही ती गंमत सांगून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी त्यांना काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यातली एक दुपार. मामाजी शेतात, आत्याबाई आत पडलेल्या. मी गोठ्यात पाणी ठेवायला गेले तर टाकी मी कधीच पाहिली नव्हती एवढी वर आलेली, एका अंगाला किंचित कललेली, आणि कडेच्या शेणकाल्यातून बदाबदा बुडबुडे येत होते. उकळतंय, मला वाटलं. आणि नेमकं त्याच क्षणी पुलगावकडून धडाका झाला. जमीन हलली. म्हशीने मान झटकली. मला दिवस गेले होते, तिसरा महिना होता, आणि मी पोटाला हात लावून उभी राहिले, पळावं कुठे ते कळेना. गावात पळून जाण्यासारखी जागा तरी कोणती होती? फुटली तर सगळंच जाणार होतं.

मग बाबांचा आवाज डोक्यात आला. विचार करायचा नाही. मी भिंतीशी गेले आणि कॉक फिरवला.

फुस्स. पाऊण तासात टाकी मुकाट खाली बसली. मी कॉक बंद केला, हात धुतले आणि तिथेच मातीत बसून रडले. भीतीने रडले आणि अभिमानानेही. घर वाचवलं होतं मी. गाव वाचवलं होतं.

त्यानंतर रोज. दुपारी तीनच्या सुमाराला, मामाजी शेतात असताना. मला ते देवपूजेसारखं झालं. एखाद दिवशी पाहुणे आले आणि जमलं नाही तर माझा जीव थाऱ्यावर नसायचा. जेवताना घास उतरायचा नाही, झोपताना मी घराच्या पुढच्या खोलीत, टाकीपासून जास्तीत जास्त लांब अंथरूण घालायची.

संध्याकाळी शेगडी मिणमिण करायची. वरणाला कढ आला की भाताला गॅस नसायचा. मामाजी शेण वाढवत गेले. शेतातून डोक्यावर टोपली आणायचे, रस्त्यावर पडलेला शेणाचा पोटा उचलायलाही त्यांना लाज वाटत नसे. त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. तो सकाळी आला. त्याने साबणाचा फेस करून पाइपच्या प्रत्येक जोडाला लावून पाहिला, कुठून बुडबुडा येतो का ते. साबणाची वाटी मी धरली होती. गळती कुठेच सापडली नाही. सापडणार कशी? गळती वाटी धरून उभी होती.

आणि आत्याबाईंनी निमूटपणे चूल पुन्हा सारवली. आधी नुसत्या भातासाठी, मग भाकरीसाठीही.

हे मला दिसत नव्हतं असं नाही. त्यांचा खोकला मी ओट्यावरून ऐकायची. पण मनात तराजू धरला होता मी : एकीकडे खोकला, दुसरीकडे अख्खं घर मातीला मिळणं. खोकल्याने कुणी एका दिवसात मरत नाही, असं मी स्वतःला बजावायची.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी गेले. जाताना टाकीकडे बघवेना. पुलगावला प्रत्येक धडाक्याला मी उठून बसायची. पश्चिमेचा आहे की पूर्वेचा? डेपोचा आहे की आमच्या घराचा? आई म्हणायची, पोटातलं लेकरू भेकड होईल. मग मामाजींचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘तुमच्या आत्याबाईंची तब्येत सुधारली आहे. टाकी पावसाळ्यातही उत्तम चालू आहे, चूल बंद आहे. गावातले दोघेजण आता टाकी बांधणार म्हणतात, विटा आणून टाकल्या आहेत.’ दुसरी एखादी सून हे वाचून सुखावली असती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चालू आहे म्हणजे भरतेय, आणि सोडायला तिथे कुणी नाही.

त्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. ते पहिले.

बाबांनी डोळे बारीक करून ऐकलं. त्यांनी गोबर गॅस कधी पाहिला नव्हता. ‘‘काटा नाई?’’ त्यांनी विचारलं. ‘‘झडप नाई?’’ मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘शाबास. मिलवाल्याची पोरगी हाय तू. सोडत राय.’’ मामाजींना चार शब्द सांगा म्हटलं तर ते संकोचले. व्याह्याला कशी अक्कल शिकवायची? तेवढं राहिलं.

मुलगी झाली. तिला घेऊन मी सासरी परतले तेव्हा आत्याबाई अंगाने भरलेल्या दिसल्या. त्यांनी नातीला घेतलं आणि अंगणात चकरा मारल्या, न थांबता, न धापता. मी ते पाहिलं आणि तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी भिंतीशी होते. आता तर पाळण्यात लेकरू होतं. माझी भीती दुप्पट झाली होती.

आठ दिवसांत शेगडी पुन्हा मिणमिणायला लागली. गावाने हिशेब मांडला : सून माहेरी गेली तर गॅस चालतो, सून आली की जातो. ‘‘सुनेचा पायगुण,’’ दुकानदार म्हणाले. विहिरीवर बायका मला पाहून लांब सरकायला लागल्या. मला राग यायचा, आणि त्या रागाच्या खाली मला धडकी भरायची, कारण त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. ज्या दोघांनी विटा आणल्या होत्या, त्यातल्या एकाने त्यांची गव्हाण बांधली आणि दुसऱ्याने कुंपणाची भिंत घातली. मामाजी ओट्यावर बसेनासे झाले. दोन हजार सालाचं नाव घेणं त्यांनी सोडलं. आत्याबाई मात्र विहिरीवर कुणाला तरी फटकारून आल्या, ‘‘पायगुण-गियगुण काई नसते. माही सून लाखात एक हाय.’’ तेवढं बोलून त्या घरी येऊन अर्धा तास खोकल्या.

हिवाळा गेला आणि पुन्हा ऊन चढायला लागलं. लेकीचं जावळ काढायचं ठरलं आणि बाबा आले. जेवणं झाली, मामाजी पाहुण्यांना पोचवायला एसटीच्या थांब्यावर गेले. तीन वाजले होते. मी बाबांना मोठ्या तोऱ्यात गोठ्यामागे नेलं आणि म्हटलं, बघा, मी कशी सोडते. कॉक फिरवला. फुस्स.

बाबांनी तोवर ओठात विडी धरली होती. काडी पेटवलेली होती. आवाज ऐकला आणि त्यांनी ती काडी अशी काही मुठीत चुरगळली की तळहात भाजला. मग मला दंडाला धरून ओढलं, कॉक बंद केला, आणि कितीतरी वेळ ते टाकीकडे बघत राहिले. वाकून कडेचे बुडबुडे पाहिले. टाकीला हाताने ढकलून पाहिलं. ती पाण्यावरच्या घागरीसारखी हलली.

‘‘हे बंद नाई व,’’ ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. ‘‘हे तं तरंगून राह्यलं. जास्त झालं का कडेनं आपोआप निंगून जाते. थेच बुडबुडे. हे फुटूच शकत नाई.’’

‘‘तुमी तं म्हणलं होतं...’’

‘‘मी बॉयलरचं सांगतलं.’’ ते खाली बसले. ‘‘न पाह्यता सांगतलं. अन् तू रोज सोडून राह्यली? इथं? कोणी विडी वढत आलं असतं तं?’’

आयुष्यभर ज्या माणसाकडे बघून मी धीर धरला, तो त्या दिवशी माझ्यासमोर मातीत बसला होता. इतके महिने मी ज्याला घाबरले ते कधीच होणार नव्हतं, आणि जे होऊ शकलं असतं ते मी रोज दुपारी स्वतःच्या हाताने मांडून ठेवत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई चुलीशी बसून उरलेल्या पाहुण्यांसाठी चहा ठेवत होत्या, डोळे लाल झालेले. मी त्यांच्या पायांशी बसले आणि सांगून टाकलं. सगळं, कॉकसकट. मला वाटलं, त्या मला घराबाहेर काढतील. काढावं, असंही वाटलं.

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. ‘‘मले दिसे रोज,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या खिडकीतून.’’

‘‘मंग बोलल्या काऊन नाई?’’

‘‘काऊन बोलू? तू मिलवाल्याची पोरगी, तुले मशिनीचं कळते. मले तं त्या टाकीचं लय भेव लागे व. वर चढली का जीव घाबरा होये. मंग तू जाये, काईतरी करे, अन् थे खाली बसे.’’ त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘मले वाटे, ही पोरगी हाय तोवर आपल्याले काई होत नाई. मंग धुराचं काय येवढं.’’

मग त्यांना उबळ आली आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मी त्यांची पाठ चोळत राहिले. माझ्या तळहाताला त्यांच्या बरगड्या लागत होत्या.

‘‘तुया मामाजीले नको सांगजो,’’ श्वास आल्यावर त्या म्हणाल्या. ‘‘तुया पायगुणाचं नाव पक्कं होईन.’’

दुसऱ्या दिवसापासून शेगडी रात्रीच्या जेवणापर्यंत निळी जळायला लागली. मामाजींना वाटलं, त्यांनी शेणकाला ढवळायची नवी तऱ्हा काढली तिचा हा गुण. ते पुन्हा ओट्यावर जाऊन सांगू लागले. पण आता कुणी ऐकत नव्हतं. गावाने एकदा ठरवलं होतं की ही वस्तू बेभरवशाची आहे, आणि धूर घराघरांतून निघत राहिला. आत्याबाईंसाठीही फार उशीर झाला होता. पुढचे दोन हिवाळे त्यांनी काढले, तिसरा नाही. दुकानदार, मामाजी, बाबा, मी, सगळ्यांनी भविष्यं केली होती. त्यांत डॉक्टरांचं तेवढं खरं झालं, आणि ते खरं करायला माझा हातभार लागला होता.

टाकी गंजली आणि तिला भोकं पडली. मामाजींनी तिला बाहेर काढलं नाही.

भिंतीवर ते वाक्य लिहिल्याला दहा वर्षं झाली त्या दिवाळीच्या आधी ते चुन्याची बादली घेऊन गोठ्याशी उभे राहिले. भोवती चुली पेटत होत्या, सगळ्या गावावर धुराचा थर चढला होता. ‘‘काय चुकलं असंन माह्यं?’’ ते भिंतीकडे बघून म्हणाले. ‘‘मधातच चाले, मधातच बंद पडे. अजून कळलं नाई.’’

मला आता गप्प बसवेना. मी सांगितलं. कॉकचं, बाबांचं, आणि आत्याबाईंना खिडकीतून दिसायचं तेही. मामाजी ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्यांनी ब्रश बादलीत ठेवला.

‘‘तू इचारलं होतं मले,’’ ते म्हणाले. ‘‘काटा कुठी हाय म्हून.’’

‘‘हो.’’

‘‘मी हासलो.’’

त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांवरून हात फिरवला.

‘‘तिच्यासाठीच बांधली होती म्या हे. तिलेही भेव वाटे?’’

‘‘हो.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज, मामाजी.’’

त्यांनी बादली माझ्या हातात दिली आणि ते घरात गेले. भिंत मी रंगवली.